शहाण्णव नोडची बचत

२ मार्च, सोमवार. दुपारी १.१५

आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात. बचतीची सुरुवात शब्दांपासून.

डायरेक्टर मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, नवीन प्रयोगशाळेला वीज हवी आहे आणि ट्रान्सफॉर्मर आहे तेवढाच आहे, तेव्हा तुमच्या त्या मशीन रूमने एप्रिलअखेर तीस टक्के वीज सोडायची. नाही सोडली तर अर्धं क्लस्टर, म्हणजे तिथले निम्मे कम्प्युटर, त्या स्वतःच्या हाताने बंद करतील. मी म्हटलं, तीस काय, पस्तीस करतो. त्या म्हणाल्या, तीस पुरे.

आजचं रीडिंग १८० किलोवॅट. पोचायचंय १२६ वर. डाव्या हातचा मळ.

दुसरी गोष्ट. ही घरी नाही. चार रविवार झाले. बहिणीकडे राहतेय. बदल म्हणून. जाताना फक्त थंडीचे कपडे नेलेत, त्यावरून थंडीपुरतीच गेली असावी. (उन्हाळ्याचे परवा शनिवारी येऊन नेले. मी मशीन रूममध्ये होतो.) पुस्तकंही नेलीत, पण पुस्तकांचं कपाट इथेच आहे. परत यायचं नसतं तर कोणी कपाट ठेवून जाईल का?

निश्चय: तीस टक्के झाले की हिला फोन करायचा. त्याआधी नाही. हिचं म्हणणंच होतं की तुला कशातलंच काही कमी करता येत नाही. आता दाखवतोच.

३ मार्च, मंगळवार

हिचं म्हणणं लिहून ठेवतो, म्हणजे वेळ आली की मुद्देसूद उत्तर देता येईल.

ही म्हणाली, तुझा एखादा कम्प्युटर, नोड म्हणतोस तो, बंद पडला तर तुला चाळीस सेकंदांत कळतं. मी ऑक्टोबरपासून बोलायची बंद झालेय, आणि तू जानेवारीत विचारलंस, काही झालंय का.

हे अन्यायाचं आहे. नोडला अलार्म असतो.

४ मार्च, बुधवार

घरचं मीटर पाहिलं. वापर चाळीस टक्क्यांनी कमी! आणि तोही काही न करता. मॅडमना सांगायला हवं, या गोष्टीला मुळात वृत्ती लागते. गीझर दहा मिनिटं, टीव्ही बंद, फ्रिजमध्ये अंडी, ब्रेड आणि हिने केलेल्या जॅमची बाटली. बाटलीला हात लावत नाही. रोज झाकण उघडून बघतो आणि परत लावतो.

हिच्या बाजूचा दिवा तेवढा चालू ठेवतो. नऊ वॅट. तो हिशेबात धरलेला नाही.

६ मार्च, शुक्रवार. सकाळी ११

स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे छोटासा प्रोग्राम. वीस मिनिटं रिकामा दिसेल तो नोड आपोआप बंद. साधी, सुटसुटीत, आठ ओळींची. एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं कोणी केलं का नाही?

संध्याकाळी ५.३०

कळलं का नाही केलं ते. स्क्रिप्ट ज्या मशीनवर चालत होती, ते मशीन स्वतः काहीच करत नव्हतं. स्क्रिप्टने सगळ्यात आधी तेच बंद केलं. त्याच मशीनमधून सगळे लॉगिन करतात, त्यामुळे सगळे बाहेर आणि रिकामे नोड आत मजेत चालू. तिसऱ्या मजल्यावरून एकोणीस फोन.

हिचा फोन नाही. ही तिसऱ्या मजल्यावरच बसते, जमिनीखालच्या पाण्याचं गणित करते. ही थेट वायरमनला म्हणाली, की त्यांना सांगा मशीन चालू करायला. वायरमनला! आणि मला म्हणे 'त्यांना'! लग्नाआधीपासून मला अरे-तुरे करणारी बाई.

वायरमन निरोप सांगून वर म्हणाला, साहेब, आपण बसलोय ती फांदी सोडून कापा हो.

८ मार्च, रविवार

आईचा फोन. म्हणाली, सूनबाईला दे. मी म्हटलं, आंघोळ करतेय. मग विचारलं, तुझं काम काय चाललंय. अकराव्यांदा समजावलं, की तीनशे बारा कम्प्युटर एका खोलीत मांडलेत, एकेकाला नोड म्हणतात, सगळ्यांचं मिळून क्लस्टर, आणि ते मिळून एक मोठं गणित सोडवतात. आई म्हणाली, तीनशे बारा जण मिळून एक गणित? आमच्या वेळी एकीलाच सोडवावं लागायचं, तेही गॅसवर दूध ठेवून.

९ मार्च, सोमवार

हिचा जॉब आला, म्हणजे क्लस्टरवर चालवायचं गणित. शहाण्णव नोड मागितलेत. एका खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी, १९६१ ते २०६०, पूर्ण शंभर वर्षं. म्हणजे कुठल्या साली किती होतं आणि पुढे किती राहील. रांगेत हिच्या पुढे सतरा जण होते. ते मागे गेले. तांत्रिक कारण. (मी.)

बरोबर ९ वाजता सुरू झाला. जॉब चालू असताना लॉगमध्ये एकेक ओळ पडत जाते, की आत्ता कुठलं वर्ष चाललंय. दिवसाला तीन वर्षं होतात. म्हणजे ११ एप्रिलला संपेल. तोवर हिचं नाव माझ्या स्क्रीनवर. हिरव्या अक्षरांत. नाव हिरवं असलं की समजायचं, सगळं ठीक चाललंय.

संध्याकाळी ६. लॉगमध्ये १९६२. हिचं ठीक चाललंय.

१२ मार्च, गुरुवार

आज नामी युक्ती. मशीन रूम अठरा डिग्रीवर ठेवायची गरजच काय? एसीच अर्धी वीज खातात. सत्तावीस केलं.

दुपारपर्यंत खोली तापली. मग प्रत्येक मशीनच्या पोटातले पंखे दुप्पट जोराने फिरायला लागले. तीनशे बारा मशीनचे प्रत्येकी सहा. आवाज असा की वायरमन समोर उभा राहून ओरडतोय आणि मला फक्त त्याचं तोंड हलताना दिसतंय. बाहेर येऊन कळलं तो काय म्हणत होता. म्हणत होता, साहेब, रीडिंग १८४ झालंय, उंटावरून शेळ्या हाकू नका, जरा खाली येऊन मीटर बघा.

परत अठरा केलं. रीडिंग १८०. म्हणजे आजच्या दिवसात चार किलोवॅट वाचवले.

१५ मार्च, रविवार

संध्याकाळी पाचला लॉगमध्ये १९८० लागलं. ही जन्मली. कोपऱ्यावरच्या बेकरीतून छोटा केक आणला. बेकरीवाल्याने विचारलं, नाव काय लिहू? मी म्हटलं, नको, राहू दे.

मी स्वतः १९७८चा. माझं वर्ष रात्री एकला लागलं असणार, झोपेत कळलंच नाही.

आईचा फोन. आंघोळ सांगितली.

१९ मार्च, गुरुवार. सकाळी ८.३०

मेहुणीला फोन केला. (निश्चय हिला फोन न करण्याचा आहे. मेहुणीचा त्यात उल्लेख नाही.) सहज म्हणून हिची चौकशी केली. मेहुणी म्हणाली, भावोजी, तुम्हाला सांगितलंच नाही का तिने? दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत तिला जागा मिळतेय. २० एप्रिलला तिथे जाऊन शंभर वर्षांचं गणित पूर्ण करून दाखवायचं, की तिथेच रुजू. नाही दाखवलं तर जागा दुसऱ्याला.

मी म्हटलं, अरे वा, माझं अभिनंदन सांग. मेहुणी म्हणाली, तुम्हीच सांगा की. मग म्हणाली, जेवताय ना वेळेवर?

सकाळी १०

एक कल्पना सुचली. पूर्णपणे तांत्रिक.

कम्प्युटरचा क्लॉक खाली आणला, म्हणजे त्याला जरा दमाने चालायला लावलं, की तो वीज कमी खातो. पुस्तकात आहे हे. सगळ्या क्लस्टरवर एकदम करणं बेजबाबदारपणाचं होईल. प्रायोगिक तत्त्वावर काही नोड घ्यावेत. शहाण्णव घेतले. योगायोगाने हिचेच.

रीडिंग १६९!!! अकरा किलोवॅट! चहा मागवला, वायरमनलाही पाजला.

हिचा जॉब आता दिवसाला तीनऐवजी दोन वर्षं चालेल. संपायची नवीन तारीख २३ एप्रिल. म्हणजे २० एप्रिलच्या तीन दिवस नंतर. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२० मार्च, शुक्रवार

बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. वीज कमी केल्याचं समाधान वेगळंच असतं.

२२ मार्च, रविवार

लॉगमध्ये १९९७. ही कॉलेजात जात असेल.

आईचा फोन. आंघोळ. आई म्हणाली, दर रविवारी माझ्याच फोनच्या वेळी? किती आंघोळ करते रे, साल निघेल अंगाची.

२४ मार्च, मंगळवार

लिफ्टमध्ये ही भेटली!

केस कापलेत. खांद्याच्याही वर. चांगले दिसतात. हे सांगायचं होतं. मी म्हटलं, रीडिंग एकशे एकोणसत्तर झालंय. ऐनवेळी दुसरं काही सुचलं नाही. ही म्हणाली, छान. मग म्हणाली, माझा जॉब फार रेंगाळतोय, काही बिघाड आहे का? मी म्हटलं, बघतो. तेवढ्यात तिसरा मजला आला आणि ही उतरून गेली. मला कुठेच जायचं नव्हतं. तसाच खाली आलो.

वायरमनला विचारलं, लिफ्टचा वेग कमी केला तर वीज वाचेल का? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, साहेब, दोन दिवस सुट्टी घ्या.

२६ मार्च, गुरुवार

जॉब तपासला. बिघाड नाही. तसं हिला कळवायचं राहिलं.

मनात एक विचार येऊन गेला, की हे बरोबर आहे का? लगेच उत्तर मिळालं. संस्थेचं हित आधी.

२८ मार्च, शनिवार. सकाळी ९.०५

लॉगमध्ये २००९ लागलं. आमच्या लग्नाचं वर्ष.

या वेगाने ते रात्री नऊला संपणार. बारा तास. आख्खं वर्ष, आणि बारा तास! जॉब पूर्ण वेगात असता तर आठच तासांत उरकलं असतं, विचारही करवत नाही.

सकाळी ९.१५

क्लॉक अगदी तळाला आणला. फक्त आजच्या दिवसापुरता. आता हे वर्ष उद्या सकाळी नऊपर्यंत पुरेल. अत्यल्प वीजवापराचा शुद्ध प्रयोग. सुट्टी असल्यामुळे कोणाची गैरसोय नाही.

दुपारी १

मशीन रूममध्ये खुर्ची टाकून बसलोय. लॉगमध्ये महिनाही दिसतो. मार्च लागला. स्वेटर घालून, कॉफीचा थर्मास घेऊन. कप दोन आणले. का आणले माहीत नाही.

संध्याकाळी ५.१०

मे लागला. लग्न मे महिन्यातलं. रजिस्टर ऑफिसात सही करताना हिचं पेन चालेना. हात झटकून झटकून शाई कारकुनाच्या शर्टावर उडाली. मग माझं पेन दिलं. हिने सही केली आणि पेन आपल्या पर्समध्ये टाकलं. मी मागितलं तर म्हणाली, आता तुझंमाझं असं काही नाही. ते पेन अजून हिच्याकडेच आहे.

संध्याकाळी ७.०५

जून. उठलो.

रडलो वगैरे नाही. मशीन रूमची हवा फार कोरडी असते, त्याने डोळ्यांना पाणी येतं.

२९ मार्च, रविवार

२०१०. क्लॉक परत प्रायोगिक पातळीवर आणला. आंघोळ सांगितली.

२ एप्रिल, गुरुवार

तक्रार क्रमांक ४४१७. हिची. सुरुवात, प्रिय सिस्टीम ॲडमिन. पुढे असं, की माझ्या शहाण्णव नोडचा वेग १९ मार्चपासून दोन-तृतीयांश झाला आहे, कारण कळवावे, उद्या डायरेक्टर मॅडमसमोर आकडे मांडणार आहे. खाली आपली नम्र आणि पूर्ण नाव. माहेरचं.

हिला सगळं कळलंय असं दिसतं. वाईट वाटायला हवं होतं. पण मी 'प्रिय' हा शब्द चार वेळा वाचला. तक्रारीत तो लिहिलाच पाहिजे अशी काही सक्ती नाही. मी नियम तपासले.

३ एप्रिल, शुक्रवार

मीटिंग झाली. सगळं जसंच्या तसं लिहायचं ठरवलंय.

हिने भिंतीवर आलेख लावला. प्रत्येक वर्षाची एक उभी पट्टी, त्या वर्षाचं गणित करायला किती तास लागले त्याची. १९९० पर्यंत सगळ्या पट्ट्या आठ तासांच्या. १९९१ पासून सगळ्या बारा तासांच्या. आणि मधेच एक, एकटी, ताडासारखी उंच. चोवीस तास.

मॅडमनी विचारलं, हे दोन हजार नऊला काय झालं? पूरबीर आला होता का?

ही माझ्याकडे बघत होती. मी टेबलाकडे. हिला तेव्हाच कळलं असेल की आलेख काढतानाच, माहीत नाही. ही म्हणाली, नाही, पाण्यात तसं काही नाही, ते एक वर्ष सोडून द्या. आणि पुढची स्लाइड लावली.

पुढची स्लाइड विजेची. हळू चालवल्यामुळे वीज पाचव्या हिश्शाने कमी लागली, पण वेळ दीडपट लागला. म्हणजे तेवढ्याच कामाला एकूण युनिट वीस टक्के जास्त जळाले. मॅडम म्हणाल्या, म्हणजे आपल्या बचतवाल्यांचा एक प्रयोग यशस्वी झाला आणि त्यात वीज वाढली? मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वायरमन दाराशी उभा होता. त्याने छताकडे पाहिलं.

क्लॉक पूर्ववत केला. तिथेच, मॅडमच्या देखत. हिने उरलेल्या वर्षांचा हिशेब मांडला. १७ तारखेला पहाटे संपेल. हिचं वीस तारखेचं काम होणार.

मीटिंग संपल्यावर ही जिन्यात थांबली. म्हणाली, दोन हजार नऊ तू मुद्दाम लांबवलंस ना? मी म्हटलं, प्रयोग होता. ही म्हणाली, अरे, त्या वर्षी तू घरी किती होतास, आठवतंय का? पहिलं क्लस्टर बसवत होतास. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी तुझा डबा घेऊन मशीन रूमच्या बाहेर उभी होते, आत यायची परवानगी नव्हती म्हणून. त्या वर्षाला आत्ता जेवढा वेळ दिलास, तेवढा तेव्हा द्यायचा होतास रे.

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. दोनच शब्द. मी म्हटलं, क्लॉक पूर्ववत केलाय, आता काही अडचण येणार नाही. ही म्हणाली, बरं. आणि वर गेली.

५ एप्रिल, रविवार

आईचा फोन. मी आंघोळ म्हणायच्या आत आईच म्हणाली, पुरे कर आता. दर बुधवारी तिचा फोन येतो मला. पहिल्या आठवड्यापासून. माझ्या गुडघ्याचं, गोळ्यांचं सगळं विचारते.

मी म्हटलं, मग इतके रविवार मला कशाला विचारत होतीस? आई म्हणाली, कधीतरी खरं बोलशील म्हणून. आई आहे ना मी तुझी.

शेवटी आई म्हणाली, हे बघ, बैल गेला आणि झोपा केला, असं करू नकोस. जा, तिच्यासमोर उभा राहा आणि काय ते तोंडाने बोल. मी म्हटलं, जाणारच आहे, आधी तीस टक्के होऊ देत.

आईने फोन ठेवला. रीडिंग १८०.

११ एप्रिल, शनिवार

मेहुणीच्या बिल्डिंगपाशी जाऊन आलो. निश्चय फोनबद्दल आहे, प्रत्यक्ष जाण्याबद्दल नाही. ही चौथ्या मजल्यावर. जिन्यातले सगळे दिवे भर दुपारी चालू होते. एकेका मजल्यावर दोन. कोणाला काही पडलेलीच नाही! एकेक बंद करत तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो.

चौथ्या मजल्यावरून हिचा आवाज आला. फोनवर कोणाशी तरी हसत होती. फार दिवसांनी ऐकलं ते हसणं. मधे काही बोलावंसं वाटलं नाही.

एकूण सहा दिवे बंद करून आलो. साधारण साठ वॅट.

१७ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ७.४०

जॉब पूर्ण. २०६० पहाटेच संपलं. हिचं नाव हिरव्याचं करडं झालं.

निकालाची फाइल उघडली. ॲडमिनला परवानगी असते. त्या खोऱ्यातलं पाणी शंभर वर्षांत अठ्ठावीस मीटर खाली जातं. शेजारीच हिचा मसुदा होता. निष्कर्षात हिने आधीच लिहून ठेवलंय, की पहिली चाळीस वर्षं वरून काहीच कळत नाही. विहिरी भरलेल्या दिसतात, लोक नेहमीसारखं पाणी काढत राहतात. आणि ज्या वर्षी कळतं त्या वर्षी फार उशीर झालेला असतो.

दोनदा वाचलं. चांगलं लिहिते ही. मी याआधी हिचं काहीच वाचलेलं नव्हतं.

२१ एप्रिल, मंगळवार

मेहुणीचा मेसेज. झालं भावोजी, पक्कं झालं. काल गणित दाखवलं, सगळ्यांना आवडलं. खाली, तब्येतीला जपा.

लिहून ठेवतो. आनंद झाला. खरंच झाला. आणि मग ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून पंधरा मिनिटं उभा राहिलो. पाणी वाया गेलं.

२४ एप्रिल, शुक्रवार

विनंती क्रमांक ४४६०. फाइली नव्या संस्थेत हलवल्या आहेत, माझं खातं बंद करावं. या वेळी प्रिय नाही. नुसतं सिस्टीम ॲडमिन यांस.

हे काम माझ्याकडेच येतं. दुसरं कोणी नाहीच. खातं बंद करताना सिस्टीम विचारते, नक्की का? मी विचार करत बसलो. अर्धा तास मी काहीच दाबलं नाही, तेव्हा मीच रिकामा आहे असं समजून सिस्टीमने मला बाहेर काढलं. परत लॉगिन केलं. परत विचारलं, नक्की का?

हो दाबलं. डोळे मिटून.

३० एप्रिल, गुरुवार. सकाळी १०.३०

वायरमन पळत आला. म्हणाला, साहेब, चला, मीटर बघा!

१२४.६.

खाली शहाण्णव नोड १७ तारखेपासून कोणी मागितलेच नव्हते. रिकामे होते, आणि माझी आठ ओळींची स्क्रिप्ट (दुरुस्त करून या आठवड्यात परत लावलेली) इमानेइतबारे एकेकाला झोपवत गेली. परवा शेवटचा बंद झाला. रॅकच्या तीन रांगा अंधारात. तिथला आवाजही बंद. तीस पूर्णांक आठ टक्के बचत.

वायरमन खूश होऊन म्हणाला, बघा साहेब, एवढी उस्तवार केलीत तेव्हा हलेना, आणि आता सुंठीवाचून खोकला गेला! म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं. टोपी काढली, परत घातली. म्हणाला, चहा आणतो.

मॅडमनी सगळ्यांसमोर हात मिळवला. म्हणाल्या, दिलेला शब्द पाळलात. एक पान लिहून द्या, ही बचत कशी साधली, बाकीच्या संस्थांना पाठवते.

दुपारी ४

तीस टक्के झाले. निश्चयाप्रमाणे फोन केला. दुसऱ्या रिंगला तिने उचलला.

सांगितलं, झाले तीस टक्के. ती म्हणाली, अरे वा, कसे काय? मी म्हटलं, तुझे शहाण्णव नोड बंद झाले. ती म्हणाली, अरे, मग ती बचत कुठली? माझं गणित इथेही तेवढीच वीज खातंय. फक्त तुझ्या मीटरवर दिसत नाही. मी म्हटलं, हो, माहितीये.

विचारलं, तिथे कोणी क्लॉक कमी करत नाही ना? हसली बहुतेक. लाइन नीट नव्हती. म्हणाली, नाही, इथे मशीन कोण सांभाळतं तेसुद्धा मला माहीत नाही. मग विचारलं, जेवलास का? मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

मग मी म्हटलं. एका दमात म्हटलं, आई सांगत होती तसं, तोंडाने. म्हटलं, जाऊ नकोस.

ती म्हणाली, अरे, मला इथे येऊन दहा दिवस झाले.

संध्याकाळी ६

मॅडमसाठीचं पान लिहायला घेतलं. वर मथळा लिहिला, वीज कशी वाचवली. पुढे अजून काही लिहिलेलं नाही.